फोल्डिंगचा जुना मोबाइल: घ्यायचा कसा, वापरायचा कसा, वावरात टिकवायचा कसा

खिशात मावणारा, उघडला की बोलणं सुरू आणि मिटला की बोलणं बंद, असा फोल्डिंगचा मोबाइल पुन्हा हवासा वाटणाऱ्यांसाठी हा लेख आहे. समोर नमुना धरला आहे मोटोरोला रेझर व्ही३ चा, कारण २००४ साली आलेल्या या फोनाने फोल्डिंगचा मोबाइल किती पातळ होऊ शकतो ते दाखवलं. मिटल्यावर जाडी १३.९ मिमी, वजन ९५ ग्रॅम. त्यात रंगीत स्क्रीन, बाहेरची दुसरी छोटी स्क्रीन, कॅमेरा, ब्लूटूथ आणि हजार नंबरांची फोनबुक. बाकी कंपन्यांचे त्या काळातले फोल्डिंगवाले घ्यायचे असतील तरी खालच्या बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतात. फक्त मेनूतली नावं थोडी बदलतील.

आधी टॉवर, मग फोन

पहिली तपासणी फोनाची नाही, गावातल्या नेटवर्कची. या लेखातले वापरायचे फोन टू-जीचे, जीएसएम या तंत्राचे आहेत. फोर-जीवरून येणारा कॉल त्यांना कळतच नाही. जिओचं नेटवर्क टू-जीवर कधी नव्हतंच, त्यामुळे जिओचं सिम या फोनात चालणार नाही. कितीही फिरवून घातलं तरी नाही. एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएल यांचं टू-जी आहे, पण तुमच्या गावात, तुमच्या घरात आणि तुमच्या वावरात ते किती पोचतं हे तुम्हालाच पाहावं लागेल. मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या आतल्या गावांत तर एका टोल्यावर रेंज असते नि दुसऱ्यावर नसते.

पाहायचं असं. ज्या कंपनीचं सिम वापरणार ते स्मार्टफोनात घालून मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'फक्त टू-जी' निवडा. काही नव्या फोनांत हा पर्याय नसतो. तेव्हा कोणाचा तरी साधा टू-जी कीपॅड फोन तासाभरासाठी मागून घ्या. मात्र तो फोर-जीवाला कीपॅड फोन नको, नाहीतर तपासणीच खोटी ठरते. मग घरातल्या मधल्या खोलीत, गोठ्यात, विहिरीजवळ, लांबच्या धुऱ्यावर उभं राहून प्रत्येक ठिकाणी एक कॉल करा आणि एक घ्या. नुसत्या काड्या मोजू नका, आवाज तुटतो का ते ऐका. लाइन गेल्यानंतर दोन-तीन तासांनी हीच तपासणी पुन्हा करा. टॉवरचा बॅकअप संपला की रेंजही जाते, आणि वादळाच्या दिवसांत नेमकी तेव्हाच फोनाची गरज पडते.

भारतात टू-जी ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झवर चालतं. रेझर व्ही३ चार बँडचा आहे, त्यामुळे त्याची अडचण नाही. पण परदेशातून आलेले काही जुने फोन फक्त ८५० आणि १९०० वर चालतात. ते इथे शोभेचे.

पेटीत सापडलेला फोन चालेल काय?

हा प्रश्न फार येतो, म्हणून सविस्तर सांगतो. २००३ नंतर गावोगावी रिलायन्सचे आणि नंतर टाटाचे स्वस्त मोबाइल आले, त्यात फोल्डिंगवालेही पुष्कळ होते. ते बहुतेक सीडीएमएचे. ते तंत्रच वेगळं, आणि ती सेवा आपल्याकडे बंद झाली आहे. तो फोन कितीही नवा दिसो, चार्ज होवो, गेम चालो, त्यावर कॉल लागणार नाही. दुरुस्तीवाला 'करून देतो' म्हणाला तरी पैसे देऊ नका.

ओळखायचं कसं? बॅटरी काढा. खाली सिमची जागाच नसेल, किंवा स्टिकरवर आयएमईआयच्या (फोनाच्या स्वतःच्या ओळख नंबराच्या) ऐवजी ईएसएन किंवा एमईआयडी लिहिलं असेल, तर तो सीडीएमएचा. रेझरमध्येही ही गफलत होते. व्ही३सी आणि व्ही३एम ही मॉडेलं सीडीएमएची आहेत आणि बाहेरून व्ही३ सारखीच दिसतात. नुसता व्ही३ किंवा व्ही३आय घ्या. व्ही३आयमध्ये कॅमेरा जरा चांगला आणि मेमरी कार्डाची सोय आहे.

दुसरी गफलत लॉकची. अमेरिकेतून आलेले फोन तिथल्या कंपनीच्या सिमला बांधलेले असतात. आपलं सिम घातलं की 'एंटर स्पेशल कोड' असं काहीसं मागतात. म्हणून घेताना सरळ विचारा, "भाऊ, अनलॉक आहे काय? माझं सिम घालून दाखवा." सिम घालून कॉल लागेपर्यंत पैसे मोजू नका.

हातात घेऊन तपासायचं, याच क्रमाने

नागपुरात बर्डीच्या दुकानात घ्या की आठवडी बाजारात कोणाकडून, सोबत तीन गोष्टी न्या: चालू सिम (पूर्ण मापाच्या चौकटीसह), एक टॉर्च आणि शक्य असेल तर मल्टिमीटर.

१. फोन मिटलेला ठेवून बाजूने पाहा. दोन्ही पाळ्या, म्हणजे वरचा आणि खालचा भाग, सरळ बसल्या पाहिजेत. एका बाजूला फट जास्त दिसली तर फोन पडलेला आहे किंवा उघडून पुन्हा नीट बसवलेला नाही.

२. बॅटरी काढून स्टिकर वाचा. मॉडेलचं नाव आणि पंधरा आकडी आयएमईआय पाहा. स्टिकर खरवडलेलं असेल तर फोन परत द्या.

३. बॅटरी घाला आणि लाल की दाबून धरून फोन सुरू करा. *#०६# दाबा. स्क्रीनवर येणारा आयएमईआय स्टिकरशी जुळलाच पाहिजे. मग केवायएम असं लिहून, एक जागा सोडून तो नंबर १४४२२ वर एसएमएस करा. ही अक्षरं फोनात इंग्रजीत टाकायची, के, वाय, एम. उत्तरात त्या नंबरावर कोणत्या कंपनीचं कोणतं मॉडेल नोंदलं आहे ते येतं. रेझरच्या नकला अमाप निघाल्या होत्या. त्या इथे पकडल्या जातात. आयएमईआय नसलेले किंवा सगळे शून्य असलेले फोन १ डिसेंबर २००९ पासून आपल्या नेटवर्कवर बंद आहेत. कोणी 'नवीन आयएमईआय टाकून देतो' म्हणालं तर लगेच निघा, तो गुन्हा आहे.

४. आता बिजागरी. फ्लिप फोनाचा जीव इथे आहे, म्हणून घाई करू नका. वरच्या पाळीतल्या स्क्रीनला आणि स्पीकरला खालच्या पाळीतून वीज नि सिग्नल नेणारी एक चपटी, फितीसारखी पट्टी बिजागरीतून जाते. तिला फ्लेक्स म्हणतात. प्रत्येक उघडझापीला ती एकदा वाकते. दिवसाला पन्नास वेळा उघडला तर वर्षाला अठरा हजारांवर वेळा. तांब्याच्या बारीक रेघा त्या पट्टीत असतात. त्या एकदम तुटत नाहीत, आधी चिरतात. म्हणून फोन नुसता उघडून पाहणं पुरत नाही. अगदी हळू उघडा. पाव उघडला की थांबा, अर्ध्यावर थांबा, पूर्ण उघडून थांबा. प्रत्येक ठिकाणी स्क्रीन लुकलुकते का, पांढऱ्या किंवा रंगीत रेघा येतात का, उजेड कमी होतो का ते पाहा. मग दुसऱ्या फोनावर कॉल लावून समोरच्याला बोलत राहायला सांगा आणि वरची पाळी थोडी पुढेमागे हलवा. आवाज गेला-आला तर फ्लेक्स शेवटच्या घटका मोजते आहे. असं वीस वेळा करा. विकणारा वैतागला तरी चालेल.

५. बाहेरची छोटी स्क्रीन: मिटल्यावर तिच्यावर वेळ दिसली पाहिजे, कॉल आला की नंबर.

६. सगळ्या कळा. व्ही३ चा कीपॅड म्हणजे धातूचा एकच पातळ पत्रा, त्यावर कोरलेल्या रेघांनी कळा वेगळ्या केल्या आहेत. मेसेज लिहायला घ्या आणि एक ते नऊ, शून्य, तारा, हॅश, चारही दिशा आणि मधली कळ एकेक दाबा. एखादी कळ जोर लावूनच चालत असेल किंवा पत्रा कोपऱ्यात उचलला असेल तर घाम किंवा पाणी आत गेलेलं आहे.

७. चार्जिंगचं भोक टॉर्चने पाहा. पाच बारीक पिना सरळ रांगेत हव्यात. हिरवट बुरशी दिसली तर फोन भिजलेला आहे. दुकानातच चार्जर लावा आणि चार्जिंगची खूण येते का पाहा.

कॅमेऱ्याला फार वेळ देऊ नका. व्ही३ चा कॅमेरा ६४० गुणिले ४८० चा, म्हणजे जेमतेम तीन लाख पिक्सेलचा. बोंडअळीचा फोटो काढून कृषी सहायकाला दाखवायचा तर तो उपयोगाचा नाही. पावती किंवा ओळखीचा चेहरा टिपायला चालतो.

सिम बसवताना

आजकालचं नवं सिम तीन मापांत कापलेलं येतं: मोठं, मधलं आणि नॅनो. या फोनाला मोठं माप लागतं, २५ गुणिले १५ मिमीचं. नवं सिम घेत असाल तर दुकानदाराने ते कट्‌कन मोडायच्या आधी थांबवा आणि पूर्ण चौकटीसकट मागून घ्या. फोर-जीचं सिम टू-जी फोनात व्यवस्थित चालतं, त्यासाठी वेगळं सिम लागत नाही.

तुमचं सिम आधीच नॅनो असेल तर प्लास्टिकचा अडॅप्टर मिळतो, पण त्यात एक धोका आहे. नॅनो सिम जाडीलाही थोडं पातळ असतं, ०.७६ ऐवजी ०.६७ मिमी, त्यामुळे ते अडॅप्टरमध्ये सैल बसतं. काढताना सिम सरकून त्याची कड फोनातल्या स्प्रिंगच्या पिनेला अडकते आणि पिन वाकते. ती पिन गेली की फोन गेला. अडॅप्टरच्या मागच्या बाजूला पातळ पारदर्शक टेपचा एकच थर लावा, सिम त्याला चिकटून राहील. रिकामा अडॅप्टर कधीही फोनात घालू नका. त्यापेक्षा कंपनीच्या दुकानातून त्याच नंबराचं मोठं सिम बदलून घेणं केव्हाही बरं.

बसवायचं असं: फोन बंद करा, मागच्या झाकणाचं बटण दाबून झाकण काढा, बॅटरी उचला. सिमची सोनेरी बाजू खाली, तिरपा कोपरा खुणेकडे, आणि पट्टीखाली हळू सरकवा. मग बॅटरीच्या धातूच्या खुणा फोनातल्या पिनांकडे करून आधी ते टोक टेकवा, नंतर दुसरं दाबा.

सुरू केल्यावर फोनाने चार आकडी लॉक कोड मागितला तर मोटोरोलाचा मूळ कोड १२३४ असतो, आणि सुरक्षेचा सहा आकडी कोड सहा शून्यं. सिमचा पिन मात्र वेगळा. तो तीनदा चुकला की फोन पीयूके, म्हणजे सिम पुन्हा उघडायचा कंपनीचा कोड, मागतो, आणि पीयूके दहादा चुकला की सिम कायमचं जातं. अंदाजाने आकडे टाकत बसू नका, कंपनीला फोन करून पीयूके विचारा.

बॅटरी आणि चार्जर

व्ही३ ची बॅटरी बीआर५० नावाची, मूळ क्षमता ७१० एमएएच. आज मिळणाऱ्या बहुतेक दुसऱ्यांनी बनवलेल्या असतात. त्याच मापाच्या बॅटरीवर दीड-दोन हजार एमएएच छापलेलं दिसलं तर तो आकडा खोटा समजा. तेवढ्या जागेत तेवढी वीज मावत नाही.

जुनी बॅटरी फोनासोबत आली असेल तर आधी ती सपाट काचेवर ठेवून बोटाने फिरवा. भोवऱ्यासारखी गरकन फिरली तर मधे फुगली आहे. तिला चार्ज करू नका, खिळा टोचून पाहू नका, चुलीत टाकू नका. मल्टिमीटर असेल तर डीसीवर ठेवून अधिक आणि उणे खुणांवर मोजा. पूर्ण भरलेली ४.२ व्होल्टच्या जवळ, साधारण वापरातली ३.७ च्या आसपास दिसते. अडीचच्या खाली गेलेली बॅटरी पुन्हा जिवंत करायच्या भानगडीत पडू नका, आत बिघाड झालेला असतो.

चार्जरचं गणित नवख्याला हमखास चकवतं. भोक मिनी-यूएसबीचं आहे, त्यामुळे तशा तोंडाची कोणतीही वायर आत जाते, आणि तरीही फोन 'अनऑथोराइज्ड चार्जर' म्हणून नाकारतो. फोन बिघडलेला नसतो. पाच पिनांपैकी एक पिन ओळखीसाठी असते आणि मोटोरोलाचा चार्जर तिच्यावर आपली खूण देतो; साध्या वायरीत ती खूण नसते. म्हणून फोनासोबत त्याच कंपनीचा त्या काळातला मिनी-यूएसबी चार्जर मिळवा. कॉम्प्युटरला जोडला तरी ड्रायव्हर टाकल्याशिवाय हा फोन चार्ज होत नाही, आणि बॅटरी ठार रिकामी असेल तर ड्रायव्हर असूनही अडतो. अशा वेळी मूळ चार्जर लावून अर्धा तास सोडा. पहिली काही मिनिटं स्क्रीनवर काहीच दिसत नाही, ते बरोबर आहे.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. लिथियम बॅटरी चार्ज करायला ४५ अंशांच्या वरचं तापमान चालत नाही, आणि मे महिन्यात चंद्रपूर, अकोला, नागपूरच्या पट्ट्यात बाहेरचाच पारा तिथे पोचतो. टिनाच्या छपराखाली दुपारी त्याहून जास्त. म्हणून उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे किंवा रात्री, फरशीवर, कूलरच्या वाऱ्याच्या वाटेत. माठाला टेकवू नका, ओल लागते. ट्रॅक्टरच्या पुढच्या खणात किंवा बंडीवर उन्हात फोन ठेवू नका. आणि वावरातल्या मोटरच्या स्टार्टरपेटीतून वायर काढून चार्जर लावणं पूर्ण टाळा. मोटर बंद-चालू होताना तिथे व्होल्टेज उसळतं आणि चार्जर आधी जातो, मग फोन.

रेंज कमी असली की बॅटरी झपाट्याने उतरते. टू-जी फोन टॉवर लांब असेल तितका जोर लावतो, ९०० मेगाहर्ट्झवर दोन वॅटपर्यंत. घरी दोन दिवस टिकणारा फोन लांबच्या वावरात एका दिवसात बसला तर बॅटरीला दोष देऊ नका. तिथे तो शर्टाच्या वरच्या खिशात ठेवा, कमरेच्या पिशवीत तळाशी नको.

आणखी एक बारकावा. व्ही३ चा अँटेना खालच्या टोकाला, कीपॅडच्या खालच्या फुगीर हनुवटीत आहे. बोलताना तळहाताने ती हनुवटी झाकली की आवाज तुटायला लागतो. बोटं मधे, बिजागरीकडे धरा. फरक लगेच ऐकू येतो.

पहिल्या दिवशी करायच्या सेटिंग

सेटिंग्जमध्ये 'इन-कॉल सेटअप', त्यात 'आन्सर ऑप्शन्स' आणि तिथे 'ओपन टू आन्सर' चालू करा. मग फोन उघडला की कॉल उचलला जातो. हात चिखलाचे असले तर हेच सगळ्यात सोयीचं. फोन वाजत असताना उचलायचा नसेल तर बाजूचं आवाजाचं बटण दाबा, घंटी थांबते आणि कॉल कापला जात नाही.

नंबर साठवताना नाव इंग्रजी अक्षरांत, थोडक्यात, आणि नंबरापुढे अधिक एक्याण्णव लावून. अधिकची खूण शून्य दाबून धरलं की येते. घरच्यांचे चार-पाच नंबर सिमवरही ठेवा. फोन बिघडला तर सिम दुसऱ्या फोनात घालून लगेच लावता येतात. एकाच माणसाचे दोन नंबर असतील तर या फोनात ते दोन वेगळ्या ओळींत दिसतात, गोंधळू नका. ज्येष्ठांसाठी एक आकडी डायल लावून द्या: फोनबुकात मुलाचा नंबर स्पीड नंबर दोनवर ठेवला की दोन दाबून धरायचं, बस.

बँकेच्या किंवा गॅस बुकिंगच्या नंबरावर 'एक दाबा, दोन दाबा' म्हणतात आणि दाबूनही काही होत नाही, अशी तक्रार आली तर 'इनिशियल सेटअप' मध्ये 'डीटीएमएफ' आहे, ते 'लाँग' करा. कळेचा सूर फार छोटा जात असतो, एवढंच कारण.

मराठी मेसेजची अडचण मात्र खरी आहे. ज्या फोनात देवनागरी अक्षरं भरलेली नाहीत त्यात मराठी एसएमएस म्हणजे नुसते चौकोन. घेण्याआधी दुसऱ्या फोनातून त्याला एक मराठी मेसेज पाठवून पाहा. घरच्यांशी रोमन अक्षरांतली मराठीच चालवावी लागेल. त्याचा एक फायदा आहे: साध्या इंग्रजी अक्षरांचा एक मेसेज १६० अक्षरांचा असतो, देवनागरीचा फक्त ७० चा.

घंटीसाठी आवडीचं गाणं ब्लूटूथने घालता येतं. फोनाची स्वतःची मेमरी साधारण पाच एमबी, त्यामुळे अख्खं गाणं नको. तीस सेकंदांचा तुकडा ६४ केबीपीएसला केला की अडीचशे केबीच्या आत बसतो. सेटिंग्जमध्ये 'कनेक्शन', मग 'ब्लूटूथ', तिथे 'फाइंड मी' दाबा आणि अँड्रॉइड फोनातून पाठवा. आयफोनवरून अशी फाइल येत नाही.

रोजच्या कामाला किती पडतो

व्हॉट्सॲप नाही, नकाशा नाही, इंटरनेट नाही. आतमध्ये ब्राउझर दिसतो, पण आजच्या वेबसाइटींची सुरक्षेची भाषा त्याला येत नाही. ई-पीक पाहणीचं ॲप यावर चालणार नाही, त्याला स्मार्टफोनच लागतो. म्हणून घरात एक स्मार्टफोन आणि हा दुसरा, अशी विभागणी चांगली जमते. बँकेला आणि आधारला जोडलेला नंबर यात ठेवला की ओटीपी एसएमएसने येतो, आणि गेम खेळणाऱ्या पोराच्या हातात तो लागत नाही. फक्त इनबॉक्स भरू देऊ नका. भरला की ओटीपी दारात येऊन परत जातो. इनबॉक्सच्या सेटअपमध्ये आपोआप सफाई लावून टाका.

पैसे पाठवायला *९९# आहे. इंटरनेट लागत नाही. बँकेत नोंदवलेलं सिम फोनात हवं, पहिल्यांदा डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि त्याची मुदत टाकून यूपीआय पिन करून घ्यावा लागतो. एका वेळी पाच हजारांपर्यंत पाठवता येतात. आकडे आणि समोरच्याचा नंबर आधी कागदावर लिहून ठेवा, कारण उत्तर द्यायला उशीर झाला की मेनू बंद पडतो आणि पहिल्यापासून सुरुवात. पिन टाकताना तो स्क्रीनवर उघडा दिसू शकतो, तेव्हा दुकानाच्या काउंटरवर उभं राहून टाकू नका.

पिकाविषयी विचारायचं तर किसान कॉल सेंटर १८००१८०१५५१, सकाळी सहा ते रात्री दहा, फुकट. अडचणीच्या वेळी ११२, आणि अँब्युलन्सला १०८. हे दोन्ही आकडे घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ करवा.

रिचार्जचंही पाहा. डेटा नकोच आहे, तर कॉल आणि एसएमएसपुरता पॅक मागा. टेलिफोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये असे पॅक ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलं आहे, आणि मुदत ३६५ दिवसांपर्यंत देता येते. दुकानदार नेहमीचाच महाग पॅक टाकतो, म्हणून आधी सांगा. नव्वद दिवस नंबर अजिबात वापरला नाही तर तो बंद होऊ शकतो. पेटीत ठेवलेल्या फोनावरून महिन्यातून एक कॉल तरी करत जा.

धूळ, कापूस, पाऊस

कापूस वेचताना पऱ्हाटीतले बारीक तंतू बिजागरीच्या फटीत जाऊन बसतात, आणि सोयाबीन काढणीत थ्रेशरजवळचं कुटार चार्जिंगच्या भोकात. ते तसंच ठेवून चार्जर ढकलला की पिना वाकतात. आठवड्याला एकदा कोरड्या, मऊ दात घासायच्या ब्रशने बिजागरी झाडा. भोक लाकडी काडीच्या टोकाने हलकेच मोकळं करा, सुई वापरू नका. तोंडाने फुंकू नका, वाफेने ओल जाते. काढणीच्या दिवसांत फोन पातळ प्लास्टिक पिशवीत ठेवून तोंडाला रबर लावा. घंटी त्यातूनही ऐकू येते.

उघडताना अंगठ्याने झटका देऊन उघडायची सवय सगळ्यांना लागते. दिसतं छान, पण बिजागरीचा खांदा आणि फ्लेक्स दोन्ही त्यानेच जातात. दोन बोटांनी कड धरून उघडा, आणि मिटताना टाळी वाजू देऊ नका. उघडा फोन मांडीवर किंवा खाटेवर ठेवून त्यावर कोणी बसलं की पाळी मोडते; बोलणं झालं की मिटायचा, ही शिस्त घरात लावा. चुंबकाच्या बटणाचं पाकीट वापरू नका. बहुतेक फ्लिप फोन मिटले आहेत की उघडे हे चुंबकावरून ओळखतात. बाहेरचं चुंबक जवळ असलं की उघडलेला फोनही स्वतःला मिटलेला समजतो आणि कळा चालत नाहीत.

पाण्यात पडला तर पहिल्या मिनिटात बॅटरी काढा. सुरू करून पाहू नका, चार्जरला तर नाहीच. सिम काढा, फोन उघडा ठेवून पंख्याखाली दोन दिवस वाळू द्या. तांदळाच्या डब्यात ठेवल्याने भुकटी आत जाते, फायदा काही नाही. शेततळ्याचं किंवा नालीचं घाण पाणी असेल तर दुरुस्तीवाल्याकडून आतली सर्किटची पाटी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन घ्या, नाहीतर दोन आठवड्यांनी गंज चढतो आणि कारण कळत नाही.

रेडिओजवळ हा फोन ठेवला की कॉल यायच्या आधी 'टर-टर-टर' असा आवाज येतो. तो बिघाड नाही. टू-जी फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा थांबत-थांबत लहरी सोडतो, त्या रेडिओच्या तारांत शिरतात. हातभर लांब ठेवला की थांबतो.

आतली स्क्रीन पांढरी पडली तर

फ्लेक्स गेली की क्रम बहुधा असा: आधी एका कोनात उजेड लुकलुकतो, मग रेघा, मग कानाचा आवाज जातो, शेवटी स्क्रीन पांढरी किंवा काळी. पहिली लुकलुक दिसली त्याच दिवशी फोनातले नंबर सिमवर उतरवून घ्या, नंतर मेनूच दिसणार नाही. आवाज गेला पण बाकी चालतं आहे, तर काही दिवस ब्लूटूथचं कानात घालायचं यंत्र लावून काम निघतं.

दुरुस्ती होते, पण ती करणारा फ्लिप फोन उघडलेला असावा. विचारा, "दादा, याची फ्लेक्स बदलली आहे काय कधी?" त्याच्याकडे सहा पाकळ्यांच्या स्क्रूंसाठीचा टॉर्क्स स्क्रूड्रायव्हर नसेल तर फोन देऊ नका, साध्या स्क्रूड्रायव्हरने स्क्रूचं तोंड चाटून जातं आणि मग फोन कोणीच उघडू शकत नाही. नवी फ्लेक्स नेमक्या त्याच मॉडेलची लागते. व्ही३ ची म्हणून दुसऱ्या रेझरची आणली तर बसतेच असं नाही. फ्लेक्स बसवल्यावर फोनाचं कव्हर पूर्ण बसवायच्या आधी त्याच्याच टेबलावर वीस वेळा उघडा, मिटा, प्रत्येक कोनात थांबा, कॉल लावून ऐका. मगच स्क्रू आवळायला सांगा, आणि जुनी फ्लेक्स मागून घ्या. पुढच्या वेळी नवी मागवताना तिच्यावर छापलेला नंबर कामाला येतो.